पुणे-हैदराबाद, मार्गे गेवराई

पुण्याहून हैदराबादला जायचं असेल तर शहाणा माणूस सोलापूरमार्गे जातो. गेवराई त्या वाटेवर येत नाही. मुद्दाम वाकडी वाट केल्याखेरीज ती कुठल्याच मोठ्या वाटेवर येत नाही असं आमच्या गावाबद्दल बोललं जातं, पण ते जळणाऱ्यांचं बोलणं आहे. धुळे-सोलापूर हमरस्ता आमच्या उशाशी आहे. असो. सांगायचा मुद्दा हा की इतिहास शहाण्या माणसासारखा वागत नाही. पुणे-हैदराबाद हा प्रवास करताना तो १७६३ साली आमच्या तालुक्यात राक्षसभुवनला उतरला, आणि २०१९ साली पुन्हा एकदा थेट आमच्या ओसरीवर येऊन बसला. पहिल्या खेपेला त्याच्याबरोबर हत्ती, घोडे आणि तोफा होत्या. दुसऱ्या खेपेला माझा भाचा होता.

भाचा पुण्यात इंजिनिअरिंग करीत होता. एका संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज असा की माझ्या पोटात गोळाच उठला.

"मामा, गेली."

"कोण गेली रे?" मी मनातल्या मनात घरातल्या सगळ्या म्हाताऱ्या मोजल्या.

"टीम गेली."

"कुठं गेली?"

"हैदराबादला."

"मग येईल की परत. सामना असेल."

"परत नाही यायची, मामा. कायमची गेली. पुण्याची टीमच बंद झाली. तिच्या जागी आता हैदराबादची आली."

बहिणीने माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, "जेवलास का?" आमच्या घरात कुठलंही दुःख या प्रश्नापुढे टिकत नाही. हे मात्र टिकलं.

एफ.सी. पुणे सिटी हा क्लब २०१४ साली इंडियन सुपर लीगबरोबरच जन्माला आला. बालेवाडीच्या मैदानावर त्याचे सामने होत. आमचे चिरंजीव नारिंगी अंगरखा घालून, तोंडाला नारिंगी रंग फासून तिथे जात आणि घसा बसवून परत येत. मार्च २०१८ मध्ये क्लब उपांत्य फेरीत पोचला होता. पुण्यातल्या सामन्यात गोल झाला नाही. बंगळूरला सुनील छेत्रीने एकट्याने तीन मारले आणि खेळ आटोपला. त्या रात्रीही फोन आला होता. पण ते हरण्याचं दुःख होतं, ते सकाळी उतरतं. २०१९ सालचं दुःख निराळं. मैदानावर कोणी हरवलं नव्हतं. वहीत हरले होते. मालक मंडळींच्या आर्थिक अडचणी निघाल्या आणि पाच वर्षांत दुकानाला टाळं लागलं.

पुण्याला हा अनुभव नवा नव्हता म्हणे. त्याच्या आधी पुणे एफ.सी. नावाचा क्लब होता. २००७ सालचा. तो राष्ट्रीय लीगमध्ये एकदा दुसरा आला होता, तोही मिटला. भारत एफ.सी. नावाचा आणखी एक निघाला, त्याने एक हंगाम बघितला आणि डोळे मिटले. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा तर देशाचा विजेता झालेला क्लब. त्याने २०१० साली पसारा आवरला. या सगळ्या मयतांची यादी भाच्याने मला दिवाळीच्या सुट्टीत वाचून दाखवली. आपलं एकट्याचंच घर बसलं नाही हे माणसाला जरा बरं वाटतं.

त्या दिवाळीला त्याच्याबरोबर त्याचे दोन खोलीबंधू आले होते. एक नागपूरचा आणि एक कोल्हापूरचा. नागपूरचा मुलगा इंग्लंडातल्या एव्हर्टन नावाच्या क्लबाचा भक्त. लिव्हरपूल हे गाव नागपूरपासून किती कोस ते त्यालाही ठाऊक नव्हतं, पण भक्ती निस्सीम. त्याने मला सांगितलं, "मामा, युरोपात असं चालत नाही. तिथे फायनान्शियल फेअर प्ले असतो."

"म्हणजे काय?"

त्याने अर्धा तास समजावलं. युरोपच्या फुटबॉल महासंघाने २०१० च्या सुमारास हा नियम केला, प्लातिनी साहेब तेव्हा त्याचे अध्यक्ष. क्लबाने जेवढं कमवायचं तेवढंच खर्चायचं. मालक कितीही गब्बर असला तरी त्याने खिशातून नोटा ओतून खेळाडू विकत घ्यायचे नाहीत, हिशेब जुळला पाहिजे. नाही जुळला तर दंड, स्पर्धेतून हकालपट्टी, नवे खेळाडू घ्यायला बंदी, नाहीतर कमावलेल्या गुणांना कात्री. पुढे २०२२ मध्ये या नियमाचं नाव बदललं आणि कलमं वाढली.

माझी बहीण चकल्या तळत ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरावेत. मग तसं सांग ना."

पोरगं गप्प झालं. युरोपातल्या वकिलांना ज्याला शेकडो पानं लागली ते तिने एका घाण्यात उरकलं.

मला मात्र तो नियम ऐकून घाम फुटला, कारण आमच्या गावात हा नियम १९७८ सालीच लागू झाला होता आणि त्याचा पहिला आरोपी मी होतो. तेव्हा मी चोवीस वर्षांचा, नुकताच मास्तर झालेला, आणि आमच्या कबड्डी मंडळाचा खजिनदार. खजिनदार मास्तराला करायची पद्धत होती. मास्तराला हिशेब येतो असा लोकांचा समज असतो. आम्ही पावतीपुस्तक छापलं, बाजारपेठेतून वर्गणी गोळा केली, आणि तालुक्याच्या सामन्यांसाठी माजलगावकडचे दोन उसने गडी आणले. गडी असे की दार उघडलं तर चौकटीतून आडवे यावेत. ठराव एवढाच होता की जायचं-यायचं भाडं आणि दोन वेळचं जेवण. त्या "जेवण" या शब्दात आम्ही बुडालो. दोघांनी तीन दिवसांत मटणावर जो हात मारला तो पाहून खानावळवाला माझ्याकडे दर जेवणानंतर नव्या आदराने पाहू लागला. ढाल आम्ही जिंकली. पण हिशेबात तीनशे चाळीस रुपयांची तूट आली. तेव्हाचे तीनशे चाळीस! पुढच्या वर्षी पंच मंडळींनी आमचा प्रवेश नाकारला. कारण दिलं, "मागील देणे बाकी." आमची गावातली, दुधातुपाची म्हणण्याइतकी ऐपत नसलेली, पण रोज पहाटे मैदान झाडणारी पोरं वर्षभर घरी बसली. त्यांनी मटणाचा तुकडा चाखला नव्हता. ढाल मात्र माझ्या घरी होती, खजिनदार म्हणून. वर्षभर तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही, म्हणून मी ती धान्याच्या कणगीमागे ठेवली होती.

तेव्हा एव्हर्टनचं पुढे जे झालं त्याचं मला नवल वाटलं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांचे दहा गुण कापले. तिथला नियम तेव्हा मोठा मायाळू होता: तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंडांपर्यंत तोटा आला तर माफ. आमचे पंच तीनशे चाळीस रुपये माफ करायला तयार नव्हते. एव्हर्टनचा तोटा त्या सवलतीच्याही वर जवळजवळ दोन कोटी पौंड गेला. नागपूरच्या पोराने मला नोकरीच्या गावाहून फोन करून विचारलं, "मामा, यात माझं काय चुकलं?" मी म्हटलं, "तू तीन दिवस मटण खाल्लंस का?" त्याला काही कळलं नाही. अपिलात दहाचे सहा झाले, मग एप्रिल २०२४ मध्ये दुसऱ्या एका हिशेबापोटी आणखी दोन गेले. आठ गुण जाऊनही क्लब तरला. पोराने त्या वर्षी कंपनीचं काम कमी आणि अपिलाची कागदपत्रं जास्त वाचली. फुटबॉल बघायला म्हणून गेलेला माणूस हिशेबतपासनीस होऊन परत येतो, अशी या खेळाची सध्याची रीत आहे.

कोल्हापूरचा मुलगा या सगळ्या बोलण्यात चकल्या खात होता. त्याला विचारलं, "तुझं काय?" तो म्हणाला, "आमचं काय व्हायचंय? आमच्या तालमी हाईत. पेठेतल्या. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण. शाहू स्टेडियमवर सामना असला की निम्मं गाव तिथंच. पैसं कमी पडलं तर पेठेत डबा फिरतोय. तालीम उचलून हैदराबादला न्यायची म्हणजे आधी पेठ उचलाय पायजे की."

भाच्याने त्याच्याकडे असं पाहिलं की पुण्यात स्वतःच्या वाड्यात राहणाऱ्याकडे भाडेकरूने पाहावं.

मग मी भाच्याला त्याच्या आजोबांची गोष्ट सांगितली. आमचे वडील १९५० ते ५२ हैदराबादला शिकायला होते. गेवराई तेव्हा हैदराबाद राज्यात. पोलीस ॲक्शन होऊन पुरती दोन वर्षं झाली नव्हती. आणि वडील तिथे जाऊन कोणाच्या नादी लागले? तर हैदराबाद सिटी पोलीसच्या फुटबॉल टीमच्या! आजोबांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "ज्या पोलिसाला बघून आम्ही दारं लावून घेतली, त्याच्या नावानं हा टाळ्या पिटतो!" वडील म्हणत, तो पोलीस निराळा आणि हा निराळा, हा चेंडू घेऊन पळतो. आजोबा म्हणत, "तो कोंबडी घेऊन पळायचा. पळणारा एकच."

पण टीम खरोखरच तशी होती. सय्यद अब्दुल रहीम हे तिचे गुरू, पेशाने शाळामास्तर. १९५० ते १९५४, सलग पाच वर्षं तिने मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. याच रहीमसाहेबांच्या शिकवणीखाली भारताने १९५१ आणि १९६२ चं आशियाई सुवर्णपदक घेतलं आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा नंबर मिळवला. सिटी पोलीसच्या खेळाडूला पगार पोलीस खात्याचा. पगार थोडा असेल, पण सरकारचा. मालकाचं दिवाळं निघायची भीती नाही, कारण सरकारचं दिवाळं निघालं तरी ते पुढच्या वर्षी अंदाजपत्रकात दुरुस्त होतं.

मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. राज्यांची फेरमांडणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला, हैदराबाद आंध्र प्रदेशात गेलं. गावात आनंदीआनंद, वडीलही मिरवणुकीत होते. पण रात्री घरी आल्यावर आईला म्हणाले, "आता आपली टीम परराज्यातली झाली." आई हे आम्हाला पुष्कळ वर्षं हसून सांगायची.

म्हणजे बघा. वडिलांच्या वेळी टीम जागेवर राहिली आणि सीमा सरकली. भाच्याच्या वेळी सीमा जागेवर राहिली आणि टीम सरकली. गेवराईच्या माणसाला दोन्ही वेळा मधेच उभं राहावं लागलं.

मधे उभं राहायची ही आमची सवय राक्षसभुवनपासूनची. १७६३ साली निजाम अली पुण्यावर चालून गेला आणि पुणं लुटून जाळलं. इकडे मराठी फौजा निजामाच्या मुलखात हैदराबादेकडे घुसल्या होत्या. दोन्ही बाजू परक्या मैदानावर खेळत होत्या म्हणा ना. शेवटचा सामना आमच्या गोदावरीकाठी झाला, १० ऑगस्टला. नदी पुराने भरलेली. निजाम निम्मी फौज घेऊन पलीकडे उतरला, दिवाण विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन अलीकडे अडकला. मराठ्यांनी त्याला तिथे गाठलं. राघोबादादांचा हत्ती शत्रूच्या गराड्यात सापडला होता, तो अठरा वर्षांच्या माधवरावांनी सोडवला. विठ्ठल सुंदर पडला. पलीकडच्या काठावरून निजामाला बघत बसण्याखेरीज काही करता आलं नाही. भाच्याला ही गोष्ट लहानपणापासून पाठ, पण त्या दिवाळीत तो पहिल्यांदाच म्हणाला, "मामा, निजामाला काय वाटलं असेल ते मला कळतंय."

राक्षसभुवन आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे. तिथे शनीचं मोठं स्थान आहे, आणि शनिवारी तेल वाहायला लांबलांबून माणसं येतात. बहिणीने भाच्याला तिथे नेलं. परीक्षेसाठी असं तिचं मत. भाच्याने कशासाठी तेल वाहिलं ते मी त्याच्या तोंडावरून ओळखलं. त्याने हैदराबादला आपलं म्हणायचं ठरवलं होतं. "शेवटी आजोबांची टीमच ना मामा," तो म्हणाला. शिवाय पुण्याचा मार्सेलिनो हा त्याचा लाडका खेळाडूही हैदराबादला गेला होता. माणसाला बदलायला निमित्त लागतं, याला दोन मिळाली.

शनीला मात्र घाई नव्हती. पहिल्या हंगामात हैदराबाद एफ.सी. तळाला. मग करोना आला, सगळे सामने गोव्यात बंद मैदानांवर. आणि २० मार्च २०२२ ला फातोर्ड्याला अंतिम सामना, केरळ ब्लास्टर्सशी. आमच्या ओसरीवर सोळा माणसं, त्यातल्या चौदांना नियम ठाऊक नाहीत. हैदराबाद एक गोलने मागे. सामना संपत आला असताना साहिल तावोराने लांबून जो चेंडू मारला तो जाळीत गेला. मग पेनल्टी. लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन अडवल्या आणि हैदराबाद विजेता झालं. माझी बहीण, जिने चेंडूला कधी पाय लावला नाही, ती ओरडली, "कट्टीमणी आपल्याकडचा दिसतोय गं!" तो गोव्याचा, पण त्या रात्री त्याला गेवराईचा म्हणायला कोणाची हरकत नव्हती. भाच्याने आजोबांच्या तसबिरीला हार घातला.

पुढच्या वर्षी टीम दुसरी आली. आणि त्यानंतर पुन्हा तो फोन.

"मामा, फिफाने बंदी घातली. नवे खेळाडू नोंदवता येणार नाहीत."

"कामून?"

"जुन्यांचे पैसे दिले नाहीत म्हणून."

२०२३-२४ चा तो हंगाम. पगार थकले, बंदीवर बंदी आली, बहुतेक परदेशी खेळाडू जानेवारीपर्यंत निघून गेले. उरलेल्या पोरसवदा मुलांनी बावीस सामने काढले, त्यात जिंकला एक. दोन वर्षांपूर्वीचा विजेता थेट तळाला. भाचा आता नोकरीला होता, पण सुट्टीला आला की चहाच्या टपरीवर बसून फिफाला शिव्या द्यायचा. "शिक्षा मालकाला करा ना! आम्हाला कशाला? आम्ही काय केलं?" माझ्या डोळ्यांपुढे आमची १९७८ सालची पोरं आली आणि मी त्याच्या बाजूने बोलायला तोंड उघडलं.

टपरीवर एक म्हातारबा बसले होते. वीस-बावीस हंगाम ऊस तोडलेला माणूस. दसरा झाला की बायकोसह कोयता घेऊन पश्चिमेकडे, पाडव्याला परत. ते म्हणाले, "पोरा, ते बंदी-बिंदी ऱ्हाऊ दे. त्या खेळनाऱ्यांची मजुरी दिली का?"

"नाही ना, बाबा. म्हणून तर बंदी आली."

"मंग बरुबर केलं."

"अहो पण टीम मरते ना!"

"तुझी टीम मरती. त्यांच्या घरी चूल न्हाई पेटत. मुकादमानं मजुरी बुडीवली, अन् कारखान्यानं त्याला म्हनलं, आधी ह्यांचं दे मंग दुसरी टोळी आन, तर त्यात कारखान्याचं काय चुकलं? आमच्या टायमाला आसं म्हननारं कुनी असतं तर..." आणि त्यांनी बशीतला चहा संपवला.

भाच्याने चहाचे पैसे दिले, त्यांच्याही. घरी येईपर्यंत बोलला नाही. मीही बोललो नाही. माझ्या वकिलीची दोन्ही बाजूंनी पंचाईत झाली होती. पंचांनी आमच्या पोरांना घरी बसवलं तो अन्याय मी पंचेचाळीस वर्षं सांगत आलो होतो. त्या खानावळवाल्याला तीनशे चाळीस रुपये कधी मिळाले हे मला कोणी विचारलं नव्हतं. मिळाले, तीन हप्त्यांत. माझ्या पगारातून. पण तिसरा हप्ता द्यायला गेलो तेव्हा खानावळ बंद झालेली होती आणि तो आपल्या घरी खाटेवर बसला होता. त्याने पैसे मोजून घेतले आणि म्हणाला, "ढाल कुठंय मास्तर? एकदा दाखवा तरी." मी दुसऱ्या दिवशी नेऊन दाखवली. त्याने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि परत दिली.

हैदराबादच्या क्लबाला २०२४ मध्ये नवे मालक मिळाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी क्लब उचलून दिल्लीला नेला, नवं नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. पुण्यात पाच वर्षं, हैदराबादेत सहा. शनीची साडेसातीसुद्धा कुठे पुरी होऊ दिली नाही. पुण्याहून निघून हैदराबादला धडक मारायची आणि मग दिल्ली गाठायची, हा मार्ग पूर्वी बाजीरावसाहेबांच्या वंशातल्या माणसाला शोभला असता. भाच्याचा फोन आला तेव्हा मी आधीच म्हणालो, "कुठं गेली?"

"दिल्लीला, मामा."

"मग आता तू दिल्लीचा का?"

बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "कोल्हापूरच्याने बोलावलंय. शाहू स्टेडियमला सामना आहे. जाऊन येतो. नुसता बघायला."

त्याचा तो पुण्याचा नारिंगी अंगरखा घरी पडून होता. त्याचे वडील, म्हणजे आमचे दाजी, परवा कपाशीवर फवारणी करताना तोच घालून गेले होते. जुने कपडे फवारणीला वापरायची रीतच आहे. पाठीवर पंप, तोंडाला फडकं, आणि त्या हिरव्या रानात एकटाच नारिंगी ठिपका या तासावरून त्या तासावर चाललेला. भाच्याने बांधावरून ते पाहिलं आणि ओरडला, "बाबा, तो काढा! तो नको!"

दाजींना पंपाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. त्यांनी हात वर करून हलवला. भाच्यानेही हलवला.